चौथ्या हाताचं पाणी

मित्रांनो, मला जुनी म्हणा, चालेल. नव्वदी गाठलेल्या लाकडाला तरणी कोण म्हणणार! पण मोडकी म्हणालात, तर आपलं जमायचं नाही. जपानातल्या बिवा सरोवराच्या काठाशी, बोरूच्या बेटांआड जे आतलं छोटं तळं आहे ना, त्या तळ्याची मी सपाट बुडाची होडी. मासेमारीची नव्हे, आणि सहलीची तर नव्हेच नव्हे. मी गाळ आणि पाणगवत वाहणारी होडी आहे. मुरडलंत नाक? मुरडा खुशाल. या गावानं ज्या भातावर वर्षानुवर्षं ताव मारला, तो भात माझ्या पोटातल्या घाणीवर पोसला होता, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते.

मला तोमेकिची नावाच्या सुतारानं घडवलं. माणूस भारी तिरसट. देवदाराच्या फळ्या त्यानं जोडल्या, प्रत्येक सांध्यात झाडाच्या सालीचा काथ्या ठोकून ठोकून बसवला, आणि मग काय केलं असेल? मला दगड घालून तीन दिवस तळ्यात बुडवून ठेवलं! गिऱ्हाईक होता जिनपाची, विशीतला शेतकरी. त्याचे तर डोळेच पांढरे झाले.

"अहो, नवी कोरी होडी बुडवता काय?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू?" तोमेकिची म्हणाला. "लाकूड ओलं असलं की फुगतं आणि फळी फळीला धरून राहते. सुकलं की प्रत्येकीची वाट वेगळी. हिला कोरडी ठेवलीस तर ही तुला बुडवेल. माझ्या नावानं मग बोंबलत येऊ नकोस."

हे बोलणं मी माझ्या काथ्यात बांधून ठेवलं आहे. तुम्हीही ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्याच वर्षी जिनपाचीचं लग्न झालं आणि नवरी माझ्यातूनच आली. आमच्याकडे तेव्हा रस्ते कुठले? नवरी, बैल, भाताच्या पेंढ्या, सगळं पाण्यावरूनच. नवरीचं नाव इसो. डोंगरातल्या गावची पोर, जन्मात कधी ओढ्यापलीकडे पाणी पाहिलं नव्हतं. माझ्या दोन्ही कडा तिनं अशा घट्ट धरल्या होत्या, की तिच्या नखांच्या खुणा अजून माझ्या डाव्या कडेवर आहेत. पोहायला ती कधी शिकलीच नाही. "माशांनी पोहावं, मी होडीत बसेन," असं म्हणायची.

आता गावाचा एक रिवाज सांगते. तळ्यातलं पाणगवत कुणी केव्हाही काढायचं नाही. काठावरच्या सभाघराच्या दारात एक जाड लाकडी फळी टांगलेली असे. जुलैच्या वीस तारखेला सकाळी त्या फळीवर मोगरी पडली की सगळ्या होड्या एकदम सुटायच्या, आणि दुपारी बाराला पुन्हा फळी वाजली की दाताळी वर. त्याआधी किंवा त्यानंतर दाताळं पाण्यात घालाल, तर ते जप्त. वर्षभर सभाघराच्या भिंतीवर दात वर करून टांगलेलं राहणार, म्हणजे येणारा जाणारा प्रत्येक माणूस पाहणार की कुणाच्या घरात धीर नाही ते.

आमची इसो! लग्नानंतरची पहिली वीस जुलै, उत्साह उतू चाललेला. एक सुतार पक्षी पलीकडच्या झाडावर टकटक करत होता. हिला वाटलं फळी वाजली. घातलं दाताळं! साऱ्या तळ्यानं पाहिलं. गावचा मुखिया म्हणजे किहेईचा बाप. त्यानं दाताळं जप्त करून भिंतीवर टांगलं, आणि सात-आठ वर्षांचा किहेई काठावर नाचत ओरडला, "डोंगराची सून, पक्ष्याचं ऐकून!" जिनपाचीनं त्या वर्षी दोन बांबूंत पिळून पिळून गवत काढलं, पण बायकोला एका शब्दानं बोलला नाही. इतकंच म्हणाला, "अगं, गवताचं पोट भरू दे, बी पडू दे. भुकेलं गवत ओढून आणलंस तर शेताला काय खायला घालणार?"

मित्रांनो, त्या वाक्यात सगळं होतं. पावसाळ्यात शेतावरून जे पाणी वाहतं, ते रिकामं जात नाही. मातीचं सत्त्व घेऊन जातं. तुम्ही शाळेत त्याला नत्र म्हणता, स्फुरद म्हणता. आम्ही नुसतं शेताचं खाणं म्हणायचो. ते खाणं पाटातून तळ्यात उतरायचं. तळ्यातलं गवत ते खाऊन माजायचं. उरलंसुरलं गाळात बसायचं. मग वीस जुलैला मी जायची आणि तेच खाणं गवतातून, गाळातून उचलून पुन्हा शेतात नेऊन टाकायची. वसंतात फुना मासे त्याच पाटांतून उलटे चढून भातखाचरांत अंडी घालायला यायचे. इसो त्यातले काही मीठ लावून, भातात दाबून वर्षभर आंबत ठेवायची. म्हणजे पाहा, शेतातून तळ्यात, तळ्यातून शेतात, मधेच थोडं माणसाच्या पानात. या फेऱ्यात एक कडी होते मी. पाऊस खाली नेतो, पण वर आणायला कुणीतरी लागतं की नाही?

तेव्हा तळ्याचं पाणी असं होतं, की होडीतूनच किटली बुडवून चुलीवर ठेवायची. गावात म्हण होती, "तीन हात वाहिलं की पाणी शुद्ध." एकीनं तांदूळ धुतले, तर तीन हातांवर दुसरीनं मुळे धुवावेत, बिनघोर. ती म्हण खोटी नव्हती. पण ती का खरी होती, हे मात्र गाव विसरलं, आणि तिथंच माशी शिंकली.

झालं काय, की खताच्या गोण्या आल्या. पांढऱ्या, कोरड्या, हलक्या. मूठभर फेका की भात तरारला. मग माझ्यासारख्या चिखलानं माखलेलीला कोण विचारतो! रस्ते झाले, गाड्या आल्या. एकेक करून होड्या काठावर पडून कुजल्या, काही न्हाणीघराच्या बंबात गेल्या. गरज सरो, वैद्य मरो. त्यापाठोपाठ धुण्याची पूड आली. पाटात असा फेस की बदकं दिसेनात. आणि बायका म्हणायच्या, "जाऊ दे गं, तीन हात वाहिलं की शुद्ध!"

एकटा जिनपाची दर वीस जुलैला फळी वाजवायचा, एकटाच मला घेऊन जायचा आणि एक खेप आणायचा. लोक हसायचे. "काय जिनपाचीसान, तळ्याची हजामत झाली का?" तोही हसायचा. मी नाही हसले कधी. मला राग यायचा, अजून येतो.

मग एका हिवाळ्यात जिनपाची गेला. इसोला मी डोळ्यांसमोर नको झाले. तिनं मला परसात नेऊन उपडी घातली, आणि माझ्याखाली कोंबड्या ठेवल्या. मित्रांनो, ज्या पाठीवर लाटा थापटायच्या तिच्याखाली कोंबड्या! त्यांनी माझ्या आत काय काय केलं ते सांगत नाही. दोन उन्हाळे मी सुकले. फळ्या तडकल्या, काथ्या गळला. तोमेकिचीनं सांगितलं होतं तेच झालं.

आणि तळं? गवत नेणारं कुणी राहिलं नाही आणि खाणं मात्र दुप्पट तिप्पट येत राहिलं, गोण्यांचं आणि पुडीचंही. गवत माजलं, शरदात मेलं, तिथंच कुजलं, तळाशी बसलं. गाळानं ते पुन्हा पाण्यात ओकलं. मग पाणी हिरवं झालं, दाट, भाताच्या पेजेसारखं. तिसऱ्या वसंतात ते लालसर तपकिरी झालं आणि असा वास सुटला की काठावर उभं राहवेना. फुना मासे पोटं वर करून आले. इसोनं एक दिवस जुन्या सवयीनं किटली बुडवली, चहा केला, एक घोट घेतला आणि तो अंगणात थुंकला. नंतर बराच वेळ ती माझ्या बुडावर हात ठेवून बसली होती.

त्याच आठवड्यात सभा भरली. सभाघर इसोच्या परसाला लागूनच. दारं उघडावीत तर वास, लावावीत तर उकाडा. शेवटी उघडीच ठेवली, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. आता मुखिया होता किहेई, तोच नाचणारा पोरगा, पन्नाशीला आलेला. वाईट माणूस नव्हे हो. त्याची नातवंडं नाक धरून शाळेत जायची, त्याला तरी बघवणार कसं?

"तळं बुजवायचं," तो म्हणाला. "डोंगराची माती येईल, ट्रक येतील. वास नाही, डास नाही. वर सपाट जागा मिळेल ती वेगळीच."

"आणि पाणी कुठं जाईल?" इसोचा आवाज.

"इसोसान, ते पाणी राहिलंय का पाणी? आणि कुठं जायचं म्हणजे? मोठ्या सरोवरात. तीन हात वाहिलं की—"

"शुद्ध!" इसो ताडकन म्हणाली. "चाळीस वर्षं ऐकतेय. अरे, पाणी शुद्ध होतं ते घाण मागं सोडून. ती घाण कुठं जाते? चौथ्या हाताला! आणि चौथ्या हाताला कुणाचं तरी दार असतंच. आजवर ते आपल्या तळ्याचं होतं, आता ते बुजवून पलीकडच्यांच्या दारात ढकलायला निघालात."



किहेई रागावला नाही. त्यानं गावाचं जुनं बाड काढलं. "हे बघा. पाणी त्यांचं, जे त्यातलं गवत काढतात. लागोपाठ तीन वर्षं वीस जुलैला एकही भरली होडी काठाला लागली नाही, तर गवताचा हक्क संपला आणि तळ्याचं काय करायचं ते सभा ठरवेल. दोन वर्षं झाली. ही तिसरी."

"वीस जुलै यायचीय अजून."

"साठीच्या आहात, इसोसान. आणि होडी?"

"आहे की."

"ती? तिच्याखाली तर कोंबड्या आहेत!" सगळे हसले.

"कोंबड्यांना दुसरं घर मिळेल," इसो म्हणाली. "आणि एक. माझं दाताळं तुमच्या भिंतीवर आहे, तुमच्या बापानं टांगलेलं. जिनपाचीनं बांबूंवर निभावलं, पण मागायला कधी गेला नाही. वर्षाची शिक्षा चाळीस वर्षं चाललीय. काढा ते खाली."

मित्रांनो, मी लाकूड आहे, पण त्या दिवशी मला जे वाटलं, त्याला अभिमान म्हणतात.

इसोचा मुलगा यासुओ कारखान्यातून आला तो कपाळाला हात लावूनच. "आई, सुकलेलं लाकूड आहे ते. बुडेल. तुला पोहता येत नाही!"

"म्हणून तर बुडू द्यायची नाही."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझ्यावर हसायची या गावाला जुनी सवय आहे. तू दगड आण."

तिनं स्वतः काथ्या ठोकला. वेडावाकडा, तोमेकिचीनं पाहिला असता तर शिव्या घातल्या असत्या. मग तिनं मला दगड घालून तळ्यात बुडवलं, त्या लाल, घाण पाण्यात. सहा दिवस मी तिथं होते. घाण पाणी का असेना, पाणीच ते! माझी एकेक फळी फुगली, शेजारणीला भिडली. बरीचशी. उजव्या बाजूचा एक सांधा मात्र हट्टी, तो पूर्ण मिटला नाही. मला ते ठाऊक होतं. मी कुरकुरले नाही, कारण माझी कुरकुर ऐकून तिनं मला वर काढलं असतं आणि ते मला नको होतं.

वीस जुलै उजाडली. इसोनं स्वतः फळीवर मोगरी हाणली. किहेई घड्याळ घेऊन काठावर उभा होता, आणि बघे तर निम्मं गाव. इसोनं माझ्या आतल्या बाजूच्या, खालून तिसऱ्या खिळ्याकडे बोट दाखवलं. "इथवर भरली की भरली होडी. बरोबर?"

"बरोबर," किहेई म्हणाला. "पण इसोसान, जपून हो."

आम्ही निघालो. काय ते गवत! आमच्या वेळचं गवत सळसळीत असायचं, आणि हे बुळबुळीत, शेवाळानं लडबडलेलं, शिशासारखं जड. दाताळं टाकायचं, पिळायचं, ओढायचं. अकरापर्यंत दुसरा खिळा झाकला. आणि तेव्हाच माझा उजवा सांधा उघडला. पाणी आलं, आधी थेंब थेंब, मग धार. इसोनं पाहिलं. कमरेला बांधून आणलेली किटली काढली आणि एका हातानं पाणी उपसत, दुसऱ्यानं दाताळं ओढत राहिली. जिभेवर आलेल्या सगळ्या शिव्या तिनं त्या सांध्याला घातल्या. त्यातल्या दोन मला पहिल्यांदाच कळल्या.

तिसरा खिळा झाकला तेव्हा पावणेबारा झाले होते, आणि माझी कड पाण्यापासून चार बोटं उरली होती.

काठावरून किहेई ओरडला, "टाका ते गवत! निम्मं तरी टाका, बुडाल!"

"टाकलं तर भरली होडी होईल का?"

"इसोसान, जीव जाईल!"

"माझा जीव, माझं गवत! तू घड्याळ बघ!"

यासुओ कपडे काढायला लागला होता. इसो बांबू रेटत होती, पाणी तिच्या घोट्यावरून गुडघ्यावर आलं. मी माझ्या बाजूनं जे करता येईल ते केलं. लाकडाला फार काही करता येत नाही हो, फक्त तरंगता येतं. तेवढं मी जिवाच्या आकांतानं केलं. काठ पंधरा हात राहिला आणि माझं बूड गाळात रुतलं.

आता माझ्याच्यानं हलवेना. बाराला सात मिनिटं.

जी बाई चाळीस वर्षांत कधी पाण्यात उतरली नव्हती, ती माझी कड ओलांडून खाली उतरली. गाळात रुतत छातीपर्यंत बुडाली. त्या लाल रबरबाटात उभी राहून तिनं माझा दोर खांद्यावर घेतला आणि ओढला. मी एक हात सरकले. यासुओनं पाण्यात उडी घेतली. आणि मग जिच्या धुण्याचा सर्वांत जास्त फेस पाटात जायचा ती शेजारीण, ओनात्सु, काठावर चपला काढून उतरली. नाक धरलेलं, शिव्या देत, पण उतरली. तिच्यामागून आणखी चौघी. मागून रेटा, पुढून ओढ. बोरूच्या बेटाला माझं नाक घासलं, मग मातीला.

किहेईनं वाकून तिसरा खिळा पाहिला. झाकलेला होता. मग त्यानं घड्याळ पाहिलं, अर्धं मिनिट थांबला, आणि बाराला, अगदी बाराच्या ठोक्याला, फळीवर मोगरी मारली. नियम मोडला असता तर तो मुखिया कसला! त्यानंतर त्यानं इसोला चिखलातून वर ओढलं आणि म्हणाला, "हे आता कुठं टाकायचं?"

"शेतात," इसो दम खात म्हणाली. "तुझ्याच शेतात टाक. तिथूनच आलंय."

तो हसला नाही. खोरं घेऊन आला.

तळं बुजलं नाही, मित्रांनो. पण खोटं नाही सांगणार, एका खेपेनं तळं सुधारतही नसतं. पुढच्या दोन वसंतांतही पाणी लाल झालं. ओनात्सूनं बायकांना गोळा केलं, तळणीचं उरलेलं तेल जमवून साबण करायला लावला. तो साबण सुरुवातीला असा झाला, की त्यानं कपडे धुवावेत की कपड्यांनी त्याला धुवावं ते कळेना. पण ती पूड गावातून गेली. गोण्यांमधली खतं मोजून मापून पडू लागली. दुसऱ्या वर्षी वीस जुलैला तीन होड्या होत्या, पाचव्या वर्षी नऊ. गाळात जे तीस वर्षं साठलं होतं, ते उपसायला तितकीच वर्षं लागणार, हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. फुना मासे पाटांत पुन्हा चढले ते अकराव्या वसंतात. इसो तेव्हा खाचराच्या बांधावर बसून भोकाड पसरून रडली. सांगायला कशाला लाजू?

पुढे एकदा शहरातल्या संग्रहालयाचा माणूस आला. छान बोलला. "अशी होडी आता मिळत नाही. आम्ही हिला वाळवू, तेल लावू, काचेत ठेवू. कायमची सुरक्षित राहील."

इसो ऐंशीच्या घरात होती. म्हणाली, "न्या की. फक्त दर जुलैला मी येऊन घेऊन जाईन, आणि ओली परत आणेन."

"आजी, ओल आमच्याकडे चालत नाही."

"मग हिला तुमचं चालत नाही," इसो म्हणाली आणि त्याला चहा दिला. तळ्याच्याच पाण्याचा. तो प्यायला, आणि त्यानं दुसरा कप मागितला.

इसो आता नाही. तिचं दाताळं मात्र भिंतीवर नाही, माझ्यात आहे. ते आता यासुओची मुलगी मिहो चालवते. माझ्या अकरा फळ्यांपैकी चार बदलल्यात, उजवा सांधा अजून हट्टी आहे, आणि इसोच्या नखांची डावी कड कुणालाही बदलू दिलेली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना तुम्ही हात जोडता, पाटी लावता, सुकवून ठेवता आणि त्याला जपणं म्हणता. मला तसलं जपणं नको. मला कामाला लावा, भिजवा, चिखलानं भरा. आणि तुमच्या दारातून जे पाणी जातं ना, त्याच्यामागे एकदा चालत जा. तीन हातांवर थांबू नका.

ती बघा, फळी वाजली. सुतार पक्षी नाही, फळीच आहे, मी नीट ऐकलंय. मिहो, सोड दोर!